विभावरी शिरूरकर कोण? : १९३३ सालचं वादळ आणि त्यानंतरची मालतीबाई

१९३३ साली ह. वि. मोटे यांनी एक कथासंग्रह प्रकाशित केला. पुस्तकाचं नाव ‘कळ्यांचे निःश्वास’, लेखिका विभावरी शिरूरकर. हे नाव वाचकांच्या ओळखीचं नव्हतं. कोण ही बाई, राहते कुठे, कुणाची कोण, काहीच पत्ता लागेना. मात्र पुस्तक वाचून पुण्या-मुंबईतला पांढरपेशा समाज जो खवळला, त्याला मराठी साहित्यात फारशी तोड नाही. निषेधाच्या सभा झाल्या. वर्तमानपत्रांतून झोड उठली. लेखिकेच्या नावाने प्रेतयात्रा काढल्याच्या आठवणीही सांगितल्या जातात. एका कथासंग्रहासाठी एवढं!

त्या गदारोळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात होता : ही विभावरी आहे तरी कोण? कुणी म्हणालं, हा पुरुषच असणार, बाई असं लिहिणार नाही. कुणी म्हणालं, बाईच आहे, पण चांगल्या घरातली नसणार. मोटे यांनी नाव फोडलं नाही. ज्यांच्यावर हे सगळं चाललं होतं त्या बाळूताई खरे मात्र महर्षी कर्वे यांच्या संस्थेच्या कन्याशाळेत मुलींना शिकवत होत्या. पुढे लग्नानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या आणि कालांतराने विभावरी कोण हे सगळ्यांना कळलं. तोवर त्यांच्या आणखी दोन पुस्तकांनी महाराष्ट्राची झोप उडवली होती.

पुस्तक अश्लील आहे असा त्या वेळचा आरोप होता. आज ते हातात घेणारा वाचक चक्रावून जाईल, कारण अश्लील म्हणावं असं त्यात काही सापडत नाही. मग लोक एवढे का चिडले? त्याचं उत्तर शोधायचं तर बाळूताई ज्या शाळेत वाढल्या तिथपासून सुरुवात करावी लागते.

हिंगण्याची मुलगी

बाळूताईंचा जन्म १९०५ चा. वडील अनंतराव खरे हे शिक्षक, पुढारलेल्या विचारांचे. आई इंदिराबाई कर्तबगार, स्वतः दुधाचा धंदा चालवणाऱ्या. मुलींना शिकवायचं हा वडिलांचा हट्ट होता. या वडिलांवर मालतीबाईंनी पुढे, १९५३ साली, ‘खरेमास्तर’ हे पुस्तक लिहिलं. बालपणीचं शिक्षण मिशनऱ्यांच्या शाळेत झालं आणि नंतर त्यांची रवानगी पुण्याजवळच्या हिंगण्याला, कर्व्यांच्या आश्रमाच्या वसतिगृहात झाली.

हिंगण्याला तेव्हा नवी स्त्री घडत होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो विधवांसाठी. चार वर्षांनी तो हिंगण्याच्या माळावर गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघालं, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने त्या विद्यापीठाला पाया मिळाला. तिथे वामन मल्हार जोशी शिकवत. ‘रागिणी’सारख्या कादंबऱ्यांतून सुशिक्षित स्त्रीच्या मनाचा विचार करणारे ते तत्त्वज्ञ कादंबरीकार. बाळूताईंनी विशीतच तिथलं उच्च शिक्षण पूर्ण केलं आणि त्या शिक्षिका झाल्या. स्वतःच्या नावाने त्या गंभीर पुस्तकंही लिहीत होत्या. ‘हिंदु व्यवहार धर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या त्या सहलेखिका. वारसा, लग्न, दत्तक, पोटगी यांबाबत हिंदू स्त्रीला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे त्यांनी पोथ्या आणि कायदे उलगडून पाहिलं होतं. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांमागे हा अभ्यास उभा आहे, हे टीकाकारांच्या ध्यानात आलं नाही.

कर्व्यांची संस्था समाजाच्या विश्वासावर आणि देणग्यांवर चाले. वसतिगृहातली एखादी मुलगी जरा मोकळी वागली तरी लोक संस्थेला बोल लावत. अशा ठिकाणच्या शिक्षिकेने स्वतःच्या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ छापणं म्हणजे संस्थेच्या शत्रूंच्या हातात कोलीत देणं. टोपणनाव घेण्यामागे भीती असेलही, पण त्यात शहाणपणही होतं. नोकरी टिकली, शाळा टिकली आणि पुस्तकही बाहेर आलं.

मिळवत्या मुलीचा हिशेब

या संग्रहातल्या एका कथेचं नावच बोलकं आहे : ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ शिकलेली, नोकरी करणारी, लग्न न झालेली मुलगी. तिच्या पगारावर घर चालतं. भावंडांची शिक्षणं होतात, आजारपणं निघतात. घर तिचं कौतुक करतं. तिच्या लग्नाचा विषय मात्र हळूहळू मागे पडत जातो, कारण ती गेली तर पगार जाणार. तिचं वय वाढतं. तिला नवरा हवा, मूल हवं, शरीराचं सुख हवं, पण हे तिने बोलायचं कुणापाशी?

इथे तो दुखरा धागा सापडतो. पन्नास-साठ वर्षं सुधारकांनी स्त्रीशिक्षणासाठी शेण-दगड झेलले. मुलगी शिकली तर चांगली आई होईल, विधवा शिकली तर पोट भरेल, असं ते सांगत आले. १९२९ साली शारदा कायदा झाला, १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरलं. मध्यमवर्गात ते त्याआधीच सोळा, अठरा, वीस असं वाढत चाललं होतं. म्हणजे लग्नाआधी तरुण होणारी, मॅट्रिक करणारी, शाळेत किंवा कचेरीत नोकरी करणारी मुलगी पहिल्यांदाच मोठ्या संख्येने समाजात आली. सुधारकांनी तिला शाळेच्या दारापर्यंत आणलं. दाराबाहेर पडल्यावर तिचं काय, याचा विचार कुणी केला नव्हता. तो विभावरींनी केला.

लोकांना झोंबलं ते हेच. शरीराची ओढ कबूल करणारी नायिका त्यांना खुपली हे खरं, पण त्याहून जास्त खुपला तो घराचा हिशेब. आईबापांचं प्रेम, मुलीचा त्याग, कर्तव्य या मोठ्या शब्दांच्या आड पगाराचे रुपये आहेत, असं ती सांगत होती. सनातन्यांना तर ते आवडलं नाहीच. मुलींना शिकवून धन्य झालेल्या सुधारक घरांनाही ते आवडलं नाही, कारण बोट त्यांच्याच ओसरीकडे होतं.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना थेट जाब विचारला होता. त्या पुस्तकावरही गहजब झाला आणि जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचा आवाज वादाचा, आरोपाचा. विभावरींनी वाद घातला नाही. त्यांनी घरातली दुपार दाखवली, जेवणाची पंगत दाखवली, रात्री अंथरुणावर जागी असलेली मुलगी दाखवली. वादाला प्रतिवाद करता येतो. आपल्याच घरातली गोष्ट कुणी समोर मांडली की माणूस आरडाओरडा करतो.

कायद्याची अडगळ

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. नायिका अचला. नवऱ्याने टाकलेली, शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी. तिला विराग भेटतो, दोघांचं मन जुळतं. पण लग्न करायचं कसं? नवरा जिवंत आहे.

आजच्या वाचकाला या कोंडीची कल्पना पटकन येणार नाही. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली होती. नवऱ्याने टाकलेल्या बाईला मात्र काहीच नव्हतं. नवऱ्याने दुसरी आणली, तिसरी आणली तरी कायद्याची हरकत नव्हती. बाईला त्याच्यापासून कायद्याने सुटता येत नव्हतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सरकारने १९३१ साली घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ साली आला आणि हिंदू घटस्फोटाचा १९४७ साली. धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या ईटचं, भूम तालुक्याचं तर आणखी वेगळं. हा मुलूख निजामाचा, मुंबईचे कायदे शेजारच्या बार्शीपर्यंत येऊन थांबायचे. देशातले बहुतेक हिंदू एका कायद्याखाली आले ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. ‘हिंदोळ्यावर’ त्याच्या एकवीस वर्षं आधीची.

अचलेने लग्नाशिवाय विरागबरोबर राहायचं ठरवलं आणि मूलही हवं म्हणाली. पुन्हा वादळ उठलं. १९३५ साली ‘विरलेले स्वप्न’ आलं. तिन्ही पुस्तकं तीन वर्षांत. त्याच सुमारास लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग आला होता आणि लवकरच गीता साने आपल्या कादंबऱ्या घेऊन येणार होत्या. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून संततिनियमन आणि लैंगिक सुखाबद्दल उघड लिहीत होते आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. वडील विधवांचे उद्धारक, मुलगा समाजाचा गुन्हेगार, आणि वडिलांच्याच संस्थेतली एक शिक्षिका टोपणनावाने कथा लिहिणारी. तीसच्या दशकातलं महाराष्ट्राचं मन या एवढ्याशा परिसरात पुरतं दिसतं.

इटलीतली एक बहीण

नाव बदलून स्वतःच्या वर्गाला आरसा दाखवण्याचा हा प्रकार एकट्या महाराष्ट्रात घडला नव्हता. सत्तावीस वर्षं आधी, १९०६ साली, इटलीत ‘ऊना दोन्ना’ नावाची कादंबरी आली होती. नावाचा अर्थ ‘एक स्त्री’. लेखिकेचं छापील नाव सिबिला अलेरामो, खरं नाव रीना फाच्चो.

रीनाचा जन्म १८७६ चा. वडील एका काचकारखान्याचे व्यवस्थापक म्हणून मार्के प्रांतातल्या गावी आले आणि पोरवयातच ती कारखान्याच्या कचेरीत काम करू लागली. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर बलात्कार केला. अब्रू राखायची म्हणून घरच्यांनी त्याच माणसाशी तिचं लग्न लावलं, १८९३ साली. दोन वर्षांनी मुलगा झाला. ती लेख लिहू लागली, काही काळ मिलानमध्ये एका स्त्रियांच्या साप्ताहिकाची संपादक झाली. १९०२ मध्ये तिने नवऱ्याचं घर सोडलं. मुलावर कायद्याने हक्क बापाचा, म्हणून मूल मागे राहिलं. ‘ऊना दोन्ना’ ही जवळजवळ तिचीच हकीकत. मुलासाठी आयुष्य जाळून घेणाऱ्या आईचं मोठेपण तिने नाकारलं आणि युरोपभर खळबळ माजली.

इटलीतही कायदा रेंगाळतच आला. आपल्या मालमत्तेचा व्यवहार करायला बायकोने नवऱ्याची परवानगी घ्यावी हा नियम १९१९ साली गेला. घटस्फोट १९७० साली मिळाला आणि १९७४ च्या सार्वमतात लोकांनी तो टिकवला. बलात्काऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं की शिक्षा माफ, ही तरतूद जायला १९८१ साल उजाडलं. रोमन पोपच्या देशात आणि शास्त्री-पंडितांच्या पुण्यात बाईच्या बाबतीत फार फरक नव्हता.

पण या दोघींना बहिणी म्हणावं असं वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. सिबिला कादंबरीच्या यशावर बसून राहिली नाही. रोमभोवतालच्या दलदलीच्या मुलखात, आग्रो रोमानोमध्ये, गवताच्या झोपड्यांत राहून मलेरियाने मरणाऱ्या शेतमजुरांसाठी तिने कवी जोव्हान्नी चेना आणि इतर सोबत्यांबरोबर शाळा चालवल्या. आमच्या बाळूताईही ‘कळ्यां’च्या वर्गातून बाहेर पडल्या आणि अशाच एका ठिकाणी जाऊन पोचल्या.

तारेच्या कुंपणाआड

१९३६ च्या सुमारास बाळूताईंनी शाळा सोडली आणि सरकारच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीत, लोकांच्या तोंडी ‘सेटलमेंट’मध्ये, अधिकाऱ्याची नोकरी धरली. सेटलमेंट हा शब्द आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अपरिचित नाही. सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्धच होती. ईट-भूमकडून बार्शी ओलांडून सोलापुरात शिरलं की गिरण्यांच्या या शहरात तारेच्या कुंपणाआड पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा जमातींची हजारो माणसं ठेवलेली असत.

हा सगळा कारभार ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ या कायद्याचा. १८७१ साली तो उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह देशभर लागू झाला. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. गिरणीला मजूर हवेत आणि सरकारला ही माणसं डोळ्यांसमोर हवीत, दोघांचंही काम त्या कुंपणाने भागे. जन्मलेलं मूलही कुंपणाआडचंच.

पांढरपेशा मुलीच्या कोंडीबद्दल लिहिणारी लेखिका इथे काय करत होती, असा प्रश्न पडू शकतो. माझ्या मते तिथे तिचंच काम पुढे चाललं होतं. ‘बाबांचा संसार’ मधल्या मुलीलाही कुंपण होतं, फक्त ते प्रेमाचं होतं. सेटलमेंटमध्ये तार लोखंडाची. पण ‘तुमच्या भल्यासाठी’ हे शब्द दोन्हीकडे सारखेच. सुधारणेच्या नावाखाली माणसाला कसं बांधून ठेवतात, हे बाळूताईंनी आधी घरात पाहिलं आणि मग सरकारी वसाहतीत.

१९३८ साली त्यांचं लग्न विश्राम बेडेकरांशी झालं. बेडेकर म्हणजे पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रणांगण’ चे लेखक, चित्रपट-दिग्दर्शक. १९४० मध्ये मालतीबाईंनी नोकरी सोडली. सेटलमेंटमध्ये पाहिलेलं त्यांनी लगेच छापलं नाही. दहा वर्षांनी, १९५० साली, ‘बळी’ ही कादंबरी आली. कुंपणातल्या माणसांचं जगणं, त्यांच्या बायकांचे हाल, वर चढू पाहणाऱ्याला खाली ओढणारी पोलिसी आणि जातीची पकड. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची लाट मराठीत यायला अजून पाव शतक होतं. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ आलं १९८० मध्ये. ‘बळी’ बाहेरून आलेल्या बाईने लिहिलेली आहे आणि तिला त्या मर्यादा आहेत. पण ती दुरून हळहळत लिहिलेली नाही. लिहिणारी तिथे नोकरीला होती.

‘बळी’ नंतर दोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर ही माणसं मोकळी झाली, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याबरोबर गेला नाही. सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर का जातात, हे विचारणाऱ्याने ‘बळी’ वाचावी.

घराला मुकलेल्या

मालतीबाईंनी नंतरही लेखन थांबवलं नाही. नाटकं लिहिली. १९५६ मध्ये ‘शबरी’ आली. १९६२ साली ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तक आलं. त्यात कल्पित काही नव्हतं. घराबाहेर पडलेल्या, घालवलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांचा तो अभ्यास होता. ‘स्त्री-अभ्यास’ हा विषय विद्यापीठात शिकवायला लागायच्या आधीचं हे काम. हिंगण्याच्या वसतिगृहापासून सेटलमेंटपर्यंत आणि तिथून या पुस्तकापर्यंत त्यांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली दिसते : ज्या बाईला घर आपलं म्हणत नाही तिच्यावर.

१९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्याला भरलं. साहित्यात राज्यकर्त्यांची लुडबुड नको म्हणणाऱ्या लेखकांनी त्या वर्षी मुंबईत समांतर संमेलन घेतलं आणि अध्यक्षस्थानी बसवलं मालतीबाई बेडेकरांना. वय पंचाहत्तरच्या पुढे. कधी काळी जिचं नाव कुणाला कळू दिलं नव्हतं, ती बाई आता स्वतःच्या नावाने व्यवस्थेच्या विरोधातल्या लेखकांची अध्यक्ष झाली होती. ७ मे २००१ रोजी त्या वारल्या.

‘विभावरी शिरूरकर’ हे नाव आता साहित्याच्या अभ्यासक्रमात असतं. स्त्रीवादी कादंबरीची आद्य लेखिका वगैरे चार ओळींत ते संपतं. पण ईट, भूम, वाशी, परांडा या भागांतून आज मुली बार्शीला, पुण्याला शिकायला जातात, नर्सिंग करतात, कंपनीत लागतात, बँकेत लागतात आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतात. त्यांतल्या कितीजणींच्या लग्नाची बोलणी ‘धाकट्याचं शिक्षण होऊ दे’ या वाक्यापाशी अडतात, हे ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावं. १९३३ साली ज्यांनी ती प्रेतयात्रा काढली असं सांगतात त्यांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. पण त्यांनी जो प्रश्न पेटवायला नेला तो जळाला नाही, तो गावोगाव पोचला आहे.

‘कळ्यांचे निःश्वास’ आणि ‘बळी’ ही दोन पुस्तकं आपल्या गावच्या वाचनालयात असायला हवीत. नसतील तर ग्रंथपालांना मागणी लिहून द्या. आणि पुस्तक आलं की आधी घरातल्या मिळवत्या लेकीच्या हातात द्या, मग स्वतः वाचा.